अडीच कोटी उतारे

१९८८-८९ साली केंद्र सरकारने देशातले आठ जिल्हे निवडले. आंध्रातला रंगारेड्डी, आसामातला सोनितपूर, बिहारातला सिंगभूम, गुजरातेतला गांधीनगर, मध्य प्रदेशातला मुरैना, ओडिशातला मयूरभंज, राजस्थानातला डुंगरपूर आणि महाराष्ट्रातला वर्धा. या जिल्ह्यांतल्या शेतजमिनीच्या नोंदी संगणकात भरायच्या, असं ठरलं. १९८५ साली राज्यांच्या महसूलमंत्र्यांच्या परिषदेने तशी शिफारस केली होती आणि प्रायोगिक योजनेचा सगळा खर्च केंद्राने उचलला. वहीत लिहिलंय ते यंत्रात उतरवायचं, एवढंच काम. महाराष्ट्रात ते पुरं व्हायला तीस वर्षं लागली. त्यातली यंत्रापायी फार थोडी गेली. बाकीची सगळी वहीत नेमकं काय लिहिलंय आणि ते खरं आहे का, हे तपासण्यात गेली. या तीस वर्षांची खरी गोष्ट तीच आहे, आणि ती नीट सांगितली जात नाही असं मला वाटतं.

आधी तो कागद पाहू. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकाच पानावर छापतात, म्हणून तो सातबारा. वरच्या भागात गट क्रमांक, भोगवटादारांची नावं, क्षेत्र, पोटखराबा, आकार. बाजूला ‘इतर अधिकार’ नावाचा रकाना. सोसायटीचं कर्ज, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, कुळाचं नाव, सगळं त्यात. खालच्या भागात कोणत्या वर्षी, कोणत्या हंगामात, कोणतं पीक किती क्षेत्रावर होतं याची नोंद. पीककर्ज काढायचं, विहिरीवर वीज घ्यायची, ठिबकचं अनुदान मागायचं, गारपिटीची भरपाई मिळवायची, कारखान्याचं सभासदत्व घ्यायचं, कोर्टात कुणाला जामीन राहायचं, कुठेही गेलं तरी पहिला प्रश्न ठरलेला: उतारा आणलाय का? आणि उतारा देणारा माणूस तेव्हा एकच, तलाठी. त्याच्याकडे तीन-चार गावांचा सजा. सोमवारी एका गावी, मंगळवारी तहसीलला मीटिंग, बुधवारी पंचनामे. दोन बसगाड्या बदलून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला चावडीला कुलूप दिसायचं. दार उघडं मिळालं, तरी उतारा हातात पडेपर्यंत किती पैसे द्यावे लागतील हे वहीत कुठे लिहिलेलं नसायचं.

म्हणून संगणक हवा होता. पण त्या वहीचं वय आणि तिच्यातले थर ध्यानात घेतल्याशिवाय पुढचं काही उलगडत नाही.

पेशवाई गेल्यावर कंपनी सरकारने दख्खनचा शेतसारा ठरवायला घेतला. पहिला प्रयत्न प्रिंगल या अधिकाऱ्याचा. त्याने जमिनीचं निव्वळ उत्पन्न पुस्तकी हिशेबाने काढलं, मोजणी चुकीची झाली आणि आकार इतका चढा बसला की इंदापूर तालुक्यातली शेतं ओस पडली. मग गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा लष्करी अभियंता असे दोघे इंदापुरात उतरले. १८३६-३७ पासून त्यांची नवी सारापद्धती तिथे लागू झाली, तीस वर्षांच्या हमीवर. एका बैलजोडीला झेपेल एवढ्या जमिनीचा एक सर्व्हे नंबर, तेहतीस फुटांची साखळी, साखळीचे सोळा आणे, मातीचा पोत पाहून प्रत. १८४७च्या त्यांच्या संयुक्त अहवालाने ही पद्धत मुंबई इलाख्यात पक्की केली. आजही खेड्यातला माणूस गुंठ्यात बोलतो, तो याच तेहतीस फुटांच्या साखळीचा चौरस.

या दप्तरात एक मोठी उणीव होती. सारा कोण भरतो एवढंच त्यात असायचं. जमीन खरी कुणाच्या ताब्यात, कुणाकडे गहाण, कोण कसतो, हे नव्हतं. ते सावकाराच्या चोपडीत होतं. १८७५च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठून कर्जखतं जाळली, त्या दंग्याच्या मुळाशी हीच कोंडी होती. जमिनीचा व्यवहार खासगी कागदावर आणि सरकारी दप्तर त्याबाबतीत कोरं. १९०३ साली हक्कनोंदणीचा कायदा झाला, १९१३ साली तो जमीन महसूल कायद्यात सामावला, आणि व्यवहार झाला की फेरफार, फेरफार झाला की सातबारावर बदल, ही साखळी जन्माला आली. तिचे सगळे गाव नमुने अँडरसन मॅन्युअलमध्ये बसवून दिले गेले. अव्वल कारकून आजही त्या पुस्तकाचा दाखला देतात.

ही वही लिहिणारा आधी वतनदार कुलकर्णी होता. लिपी मोडी. १९५०च्या कायद्याने कुलकर्णी वतन गेलं आणि पगारी तलाठी आला. मग कूळकायदा आला, त्याच्या नोंदी. मग जमिनीचं एकत्रीकरण आलं, सर्व्हे नंबर मोडून गट झाले. एकर-गुंठे जाऊन हेक्टर-आर आले. वर्ध्यासारख्या जिल्ह्यात तर ही परंपराच वेगळी. तो मध्य प्रांताचा मुलूख, तिथे मालगुजारी, आणि गावात तलाठी नव्हे, पटवारी. मराठवाडा निजामाचा, तिथलं जुनं दप्तर उर्दूत. १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता अंमलात आली आणि राज्याला एक नमुना मिळाला. पण नमुना एक झाला म्हणून त्यात भरलेला मजकूर एक होत नाही. पान भरलं की तलाठी नव्या पानावर जुन्या नोंदी उतरवून घ्यायचा. बाद झालेलं नाव कंसात जायचं. फेरफार क्रमांक वर्तुळात यायचा. पुढच्या उतरवणीत एखादा कंस राहून गेला, की मेलेला माणूस परत खातेदार व्हायचा.

अशी वही वर्ध्यात संगणकासमोर ठेवली गेली.

पहिली अडचण अक्षरांची. त्या काळचा संगणक इंग्रजीखेरीज काही लिहीत नव्हता. देवनागरीची वाट आयआयटी कानपूरला सुरू झालेल्या संशोधनातून निघाली. पुढे पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्र विकसित केलं, आणि यंत्रात एक जादा कार्ड बसवलं की पडद्यावर मराठी उमटू लागलं. १९९१ साली भारतीय लिप्यांच्या सांकेतिक खुणांचं प्रमाणही ठरलं. पुण्यात हे झालं नसतं, तर महाराष्ट्राचा सातबारा संगणकावर आला असता तो रोमन अक्षरांत, आणि ज्याच्यासाठी तो काढायचा त्यालाच वाचता आला नसता. या कामाचं मोल आपण पुरेसं मोजलेलं नाही.

दुसरी अडचण माणसांची. तालुक्याच्या ठिकाणी ठेकेदाराच्या खोलीत नोंदी भरणारी मुलं बसायची. ती टायपिंगला हुशार होती, पण तलाठ्याचं अक्षर त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, हे त्यांना कोण सांगणार? एक हेक्टर पाच आर हे १.०५ लिहायचं. कुणी १.५ लिहिलं, तर टिंबापाठचं एक शून्य गळाल्याने पंचेचाळीस आर जमीन नव्याने जन्माला येते. बारा-एक-अ आणि बारा-अ-एक हे दोन वेगळे हिस्से. सामाईक खात्यातल्या चार भावांपुढे प्रत्येकी पूर्ण क्षेत्र पडलं, तर एका गटाची जमीन चौपट होते. हाती लिहिलेल्या वहीत अशी चूक असली, तरी गावाला खरं काय ते माहीत असायचं आणि तलाठ्यालाही. यंत्राला गाव माहीत नसतं.

नव्वदच्या दशकात योजना जिल्ह्याजिल्ह्यांत पसरली, पण ती तालुक्याच्या एकेका यंत्रात अडकलेली राहिली. इकडे दुसरे प्रयोग सुरू होते. १९९८ साली कोल्हापूर-सांगलीच्या वारणा खोऱ्यात सत्तर गावांना संगणकांनी जोडायचा प्रकल्प आखला गेला. केंद्र, राज्य आणि वारणा सहकारी समूह यांचा तो एकत्र उद्योग होता. उसाची नोंद, तोडीची पाळी, वजन, बिल हे सारं गावच्या केंद्रावर कळू लागलं, आणि शेतकऱ्याच्या कारखान्याला घालायच्या चकरा वाचल्या. जमिनीच्या नोंदीही तिथूनच मिळाव्यात असा विचार होता. उसाचं काम चाललं, कारण ती माहिती कारखान्याची स्वतःची होती आणि रोज ताजी होत होती. पुढे २००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी त्यातल्या काही गावांत संगणक काढून साध्या मोबाइलच्या संदेशावर तेच काम करून दाखवलं. शेतकऱ्याला हवी होती वजनाची पावती. ती पेटाऱ्यातून आली काय आणि खिशातल्या फोनवर आली काय, त्याला सारखंच.

शेजारच्या कर्नाटकाने मात्र जमिनीच्याच नोंदीला हात घातला. राजीव चावला या सनदी अधिकाऱ्याच्या पुढाकाराने ‘भूमी’ प्रकल्प उभा राहिला आणि २००१-०२ पर्यंत राज्यातल्या पावणेदोनशेच्या वर तालुक्यांत खिडक्या उघडल्या. साठ-पासष्ट लाखांवर खातेदार, दोन कोटींच्या घरात नोंदी, पंधरा रुपयांत छापील उतारा. त्यांनी दोन गोष्टी अशा केल्या की ज्या आपण त्या वेळी केल्या नाहीत. हाती लिहिलेला उतारा बेकायदा ठरवला, आणि फेरफाराचे अर्ज आले त्याच क्रमाने निकाली काढायचं बंधन यंत्रातच घालून दिलं. निपाणी, खानापूर, बेळगावचा मराठी शेतकरीही त्याच खिडकीसमोर उभा राहिला. १९५६ पर्यंत त्याचं दप्तर मुंबई राज्याच्याच नमुन्यात होतं. आता उतारा झटपट मिळत होता, कन्नडमध्ये.

महाराष्ट्रातही तालुक्याला सेतू केंद्रं आली, दस्तनोंदणी संगणकावर गेली, छापील सातबारा मिळू लागला. तो दिसायला नीटनेटका होता. पण तलाठ्याची हस्तलिखित वहीही चालूच राहिली. फेरफार वहीत व्हायचा, संगणकात चढायला महिने लागायचे. एकाच गटाचे दोन उतारे आणि दोन्ही सरकारी. बँकेत छापील चाले, कोर्टात हस्तलिखित मागत. दोन्ही हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कुणी सांगू शकत नव्हतं की त्याची जमीन नेमकी किती. मला या काळातली सर्वांत घातक गोष्ट हीच वाटते. एका चुकीच्या वहीपेक्षा दोन न जुळणाऱ्या वह्या जास्त नुकसान करतात, कारण त्या फटीत दलाल उभा राहतो.

२००८ साली केंद्राने राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात त्यातून ई-महाभूमी आणि त्याच्या पोटात ई-फेरफार. पुण्याचं जमाबंदी आयुक्त कार्यालय आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र यांनी मिळून ते बांधलं. कल्पना पूर्वीपेक्षा मुळातून निराळी होती. आधी वहीत लिहून मग यंत्रात उतरवायचं, ही चालच बंद. दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदलं की त्याची सूचना थेट तहसीलला आणि तलाठ्याच्या पडद्यावर. फेरफाराची नोंद पडद्यावरच धरायची. नोटीस निघाली की पंधरा दिवस हरकतीसाठी. मंडळ अधिकाऱ्याने आपल्या डिजिटल सहीने प्रमाणित केलं की सातबारा आपोआप बदलणार. तलाठी मध्येच नोंद दडवू शकत नाही, मागची पुढे घेतली तर ते दिसतं.

पण त्यासाठी एक वही खरी मानायला हवी होती. सुमारे चव्वेचाळीस हजार गावं, तीनशे अठ्ठावन्न तालुके, अडीच कोटी सातबारे. हस्तलिखित आणि संगणकीय उतारा अक्षर न् अक्षर जुळवायचा. तलाठ्यांसाठी एडिट मोड्यूल आलं, ते पुरलं नाही म्हणून री-एडिट. प्रणाली आकडे तपासायची. गटाचं एकूण क्षेत्र आणि खातेदारांच्या क्षेत्रांची बेरीज जुळते का? मोजणी खात्याच्या आकारबंदाशी मेळ बसतो का? इतर अधिकारात चाळीस वर्षांपूर्वी फिटलेल्या सोसायटीच्या कर्जाचा बोजा अजून का दिसतो? खात्यावर नाव आहे, पण त्याचा फेरफार कुठला? एकरांचे हेक्टर करताना झालेली चूक, एकत्रीकरणात सुटलेला हिस्सा, कंस राहून गेलेला मयत, हे सगळं एकदम वर आलं. शंभर वर्षं ज्या चुका गावाच्या समजुतीने झाकल्या गेल्या होत्या, त्या यंत्राने लाल अक्षरांत दाखवायला सुरुवात केली. जिथे लेखनप्रमादाची दुरुस्ती होती, तिथे तहसीलदाराचा संहितेच्या कलम १५५ खालचा आदेश लागे, म्हणजे सुनावणी, जबाब, आणि पुन्हा नोंद.

या कामाचा भार तलाठ्यावर पडला. लोकांच्या मनात तलाठ्याची प्रतिमा चांगली नाही, आणि त्याची कारणं लोकांनी स्वतः भोगलेली आहेत. तरी या वर्षांत पुष्कळ तलाठ्यांनी जे काम केलं ते नोंदवायलाच हवं. दिवसा सर्व्हर इतका संथ चालायचा की एक पान उघडायला चहा संपायचा. म्हणून रात्री जागून, रेंज मिळेल त्या गावी बसून, मोबाइलच्या डेटावर त्यांनी नोंदी दुरुस्त केल्या. लॅपटॉप, प्रिंटर आणि नेटचा खर्च सरकारने द्यावा यासाठी संघटनांना आंदोलनं करावी लागली. एका बाजूला दुष्काळाचे पंचनामे, निवडणुकीची कामं, दुसऱ्या बाजूला वरिष्ठांचा रोजचा तक्ता: किती टक्के झालं? यंत्र आलं की माणसांचं काम कमी होतं असं मंत्रालयातून दिसत असेल, सजावर ते कित्येक पटींनी वाढलं होतं.

आणि मग २०१७चा उन्हाळा. पडद्यावर जुळवलेलं सगळं गावासमोर वाचून दाखवायचं ठरलं. चावडी वाचनाची रीत महसुली कारभारात जुनीच. दवंडी द्यायची, लोक जमवायचे, नोंदी वाचायच्या, कुणाची हरकत असेल तर तिथेच ऐकायची. ती राज्यभर, गावोगाव, मोहीम म्हणून राबवली गेली. तलाठी छापील उताऱ्यांचा गठ्ठा घेऊन बसला. गट क्रमांक, नाव, क्षेत्र, बोजा. गट क्रमांक, नाव, क्षेत्र, बोजा. ज्याचं नाव चुकलं तो उठून उभा राहिला. आजोबांच्या नावातला काना गेलाय, आधार कार्डाशी जुळत नाही. विहीर तिघांत सामाईक आहे, इथे एकाचीच दाखवलीय. थोरल्याचं नाव आहे, धाकट्याचं गेलं कुठे? हे कर्ज वडलांनी फेडलं, ही पावती. काही गावांत सभा गजबजल्या. काही गावांत चार माणसं आली आणि वाचन उरकलं गेलं. पण जिथे ते मनापासून झालं, तिथे प्रथमच सगळ्या गावाने सगळ्या गावाचं दप्तर एका बैठकीत ऐकलं.

मी या सबंध इतिहासातला कळसाचा प्रसंग हाच मानतो. त्यात यंत्राचा वाटा नगण्य होता. माहिती ज्याची आहे त्याच्यासमोर ती वाचायची आणि त्याला बोलू द्यायचं, एवढंच झालं. १९८८ साली वर्ध्यात टायपिंगऐवजी वाचनाने सुरुवात झाली असती तर किती वर्षं वाचली असती, हा प्रश्न मनातून जात नाही.

त्याच २०१७च्या जूनमध्ये राज्यात शेतकऱ्यांचा संप झाला आणि पाठोपाठ कर्जमाफी जाहीर झाली. अर्ज ऑनलाइन. गावच्या केंद्रांपुढे पहाटेपासून रांगा. म्हाताऱ्यांच्या अंगठ्यांचे ठसे झिजलेले, यंत्र ते ओळखेना. बँकेच्या याद्यांत एक नाव, आधारवर दुसरं, उताऱ्यावर तिसरं. एका दप्तरातली चूक लाखो घरांच्या पदरात कशी पडते, हे त्या पावसाळ्यात अख्ख्या महाराष्ट्राने पाहिलं. चावडीत दुरुस्त झालेल्या एकेका काना-मात्रेची किंमत त्या रांगेत कळली.

१ मे २०१८ रोजी, महाराष्ट्र दिनी, डिजिटल सही असलेल्या सातबाराचं मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते लोकार्पण झालं. तो घरबसल्या उतरवून घ्यायचा, पंधरा रुपयांत. त्यावर तलाठ्याचा शिक्का नको, सही नको. महाभूलेखच्या संकेतस्थळावर नुसता पाहायचा असेल तर फुकट. सगळे तालुके, सगळी गावं एका दिवसात आली नाहीत. दुरुस्ती पुरी झाल्याची घोषणापत्रं जसजशी आली, तसतशी गावं जोडली गेली. मुंबईत टॅक्सी चालवणारा साताऱ्याचा माणूस, दुबईत नोकरी करणारा रत्नागिरीचा मुलगा, यांना आपल्या जमिनीवर कुणी नवी नोंद धरली आहे का हे आता रात्री झोपण्याआधी पाहता येतं. पूर्वी गावी राहिलेल्या चुलत्याने काय केलं ते दिवाळीत कळायचं. पुण्यामुंबईत स्थायिक झालेल्या घरांना याने जो दिलासा दिला, त्याचा आकडा कोणत्याही अहवालात येणार नाही.

२०२० साली उताऱ्याचा साचा बदलला. कंस गेले. मयत खातेदार आणि फिटलेले बोजे यांवर आता आडवी रेघ येते. क्षेत्रापुढे एकक छापलेलं असतं. शेवटचा फेरफार कोणता आणि कधी झाला, प्रलंबित आहे का, हेही पानावरच. वाचणाऱ्याला वकिलाकडे न जाता समजावं म्हणून केलेले हे बदल लहान दिसतात. ज्याने जुना उतारा उलगडण्यासाठी कुणाच्या तरी ओट्यावर ताटकळत दिवस काढला आहे, त्याला ते लहान वाटणार नाहीत.

खालचा भाग, नमुना बारा, मात्र अजून तसाच होता. पिकांची नोंद तलाठ्याने बांधावर जाऊन करायची, असा नियम. तीन-चार गावांच्या हजारो गटांवर तो कसा जाणार? मागच्या वर्षीचं पीकच पुढे चालायचं. शेतात कांदा आणि उताऱ्यावर बाजरी, मग विमा कसला आणि भरपाई कसली. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू झाली. टाटा ट्रस्टच्या साहाय्याने तयार झालेल्या मोबाइल ॲपवर शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून पिकाचा फोटो घ्यायचा. फोनला जागेचे अक्षांश-रेखांश कळतात, नोंद त्या गटावर चढते. जमिनीच्या सरकारी दप्तरात कसणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचं, हे गोल्डस्मिड-विंगेटपासून पहिल्यांदा घडलं. डोंगराळ तालुक्यांत रेंज नाही, ज्यांच्याकडे साधा फोन आहे ते शेजारच्या पोराला गाठतात, मुदत संपत आली की ॲप अडतं, या तक्रारी खऱ्या आहेत आणि त्यांवर साहाय्यक नेमण्यापासून मुदतवाढीपर्यंत उपाय चालू असतात. तरी मी या बदलाच्या बाजूचा आहे. चुकलं तर शेतकऱ्याचं चुकेल आणि त्याला ते दिसेल.

एक नोंद मात्र कोणतंच यंत्र आपणहून धरत नाही. बाप गेला की वारसांची नावं लागतात. आता ई-हक्क प्रणालीवर वारसनोंदीचा अर्ज घरून करता येतो. पण अर्जात बहिणीचं नाव घालायचं की नाही, हे अर्ज भरणारा भाऊ ठरवतो. १९९४च्या महाराष्ट्राच्या दुरुस्तीने आणि २००५च्या केंद्रीय कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत वाटा दिला. १९९२ साली, शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीनंतर, सरकारने नवऱ्याच्या उताऱ्यावर बायकोचं नाव लावायची वाटही मोकळी केली. वाट मोकळी आहे, चालणारे थोडे. नाव राहिलं तर नोटीसही तिला जात नाही, कारण प्रणालीच्या लेखी ती नाहीच. नाव लागलं तर लगोलग हक्कसोडपत्र तयार असतं. चावडीत ज्या दिवशी उतारे वाचले गेले, त्या दिवशी सासरी गेलेली मुलगी तिथे नव्हती. पुढच्या वाचनाला तिला बोलावणं जायला हवं, असं मला फार वाटतं.

आणि दुसरं उरलेलं काम आहे नकाशाचं. उतारा सांगतो की तुमची चाळीस आर जमीन आहे. ती कुठल्या बांधापासून कुठल्या बांधापर्यंत, हे तो सांगत नाही. विंगेटच्या काळातले मोजणीचे नकाशे हाताळून हाताळून जीर्ण झाले. त्यांचं स्कॅनिंग आणि अंकन भूमी अभिलेख विभाग करतो आहे. गावठाणातल्या घरांसाठी पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने मोजणीचा प्रयोग झाला, आणि २०२० साली त्याच धर्तीवर केंद्राची स्वामित्व योजना आली. राज्यात उपग्रहांचे संकेत घेणारी सत्त्याहत्तर स्थिर केंद्रं उभी राहिली. त्यामुळे साखळी आणि टेबलऐवजी भूकरमापक आता रोव्हर घेऊन येतो आणि दिवसाचं काम तासाभरात आटोपतो. शेताचा तुकडा तुटला पण पोटहिस्सा मोजला गेला नाही, अशी जमीन महाराष्ट्रात गावोगाव आहे. ती मोजायची तर आधी दोन्ही भावांना आणि शेजाऱ्याला नोटीस जाते. ठरल्या दिवशी सगळे बांधावर येतात. खुणा पटल्या की जबाबावर सह्या होतात, मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळते आणि आकडा उताऱ्याला जुळवायला तलाठ्याकडे जातो. नाही पटल्या, तर निमताना मोजणीचा, म्हणजे फेरमोजणीचा, अर्ज पडतो आणि तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात पुढची तारीख लागते.